साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत

एका जंगलात वडाखाली कोर्ट भरायचं. घाबरू नका मुलांनो, तुमचं काही तिथे अडकलेलं नाही.

तिथे मोर वकिली करायचा. काळ्या कोटात पिसारा झाकला जातो म्हणून तो कोट नुसता खांद्यावर टाकून यायचा. आणि यायचा तोही उशिरा. त्याचा कारकून होता दिगूभाऊ मुंगूस. फायली शिवणं, नकला काढणं, पक्षकारांना धीर देणं, सगळं दिगूभाऊकडे. पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. खटल्याचा पुकारा झाला की हात जोडून उठायचं आणि म्हणायचं, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, महाराज. येतीलच."

जंगलात दुसरं कोर्ट नव्हतं. न्यायाधीश हत्तीसाहेबांनाही हे ठाऊक होतं. पण दिगूभाऊ इतक्या अदबीने सांगायचा, की वीस वर्षं ते मान डोलावून पुढची तारीख देत आले होते.

त्या दिवशी मात्र तारीख चालणार नव्हती. शेवंताबाई सशिणीच्या बिळावर रानडुकराने हक्क सांगितला होता. त्याला खणायची मनाई होती, ती त्याच दिवशी संपत होती. निकाल लागला नाही तर उद्या बीळ उकरलं जाणार, आणि आत डोळेही न उघडलेली चार पिल्लं.

"दिगूभाऊ, साहेब येतील ना हो आज?" शेवंताबाईने पंधराव्यांदा विचारलं.

"अहो, त्यांच्या झाडाखाली ठिय्या देऊन घेऊन आलोय. हे काय, तुमच्या शेजारीच बसलेत!"

पुकारा झाला. मोर ऐटीत उभा राहिला आणि घसा साफ करू लागला. तेवढ्यात दिगूभाऊ उठला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, महाराज. येतीलच."

सवय हो, दुसरं काय! बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी इथेच आहे!" मोर ओरडला.

हत्तीसाहेबांनी सोंड उचलली. "आपण इथे असाल तर हा खोटं बोलतोय. आज खोटं, तर गेली वीस वर्षंही खोटंच. मग मी दिलेल्या तारखांचं काय? छे, छे! आपण दुसऱ्या कोर्टातच आहात. खाली बसा."

मोर बसला. शेवंताबाईला रडू फुटलं. "दिगूभाऊ, माझी पोरं हो!"

दिगूभाऊने पुन्हा हात जोडले. "महाराज, साहेब येईपर्यंत एक कागद दाखवू का?" असं म्हणून त्याने फायलीतून रानडुकराचीच गेल्या वर्षीची तक्रार काढली. तिच्यात लिहिलं होतं, 'शेवंताबाईच्या बिळात अडकून माझा पाय मुरगळला.'

शेवंताबाईच्या! हत्तीसाहेबांनी तो शब्द दोनदा वाचला. रानडुक्कर खाली बघू लागलं.

"बीळ शेवंताबाईचं," हत्तीसाहेब म्हणाले. शेवंताबाई आभार मानायलाही थांबली नाही, थेट पिल्लांकडे धावली.

बाहेर आल्यावर मोराने पिसारा फुलवला. "बघितलंस, दिगूभाऊ? हजर नसतानाही खटला जिंकतो मी! आहे का माझ्या तोडीचा कुणी?"

"दुसऱ्या कोर्टात तर नाहीच, साहेब," दिगूभाऊ म्हणाला.

तात्पर्य: मुलांनो, खोटं कधी अधूनमधून बोलू नये. रोज, वेळेवर, हात जोडून बोलावं. मग एक ना एक दिवस ते वकिलापेक्षा जास्त उपयोगी पडतं.