साहेबांपुढे माझी साक्ष

मी फक्त मिक्सर बंद केला. बाकी सगळं आपोआप घडलं.

मिक्सर थांबला तसा भिंतीपलीकडून ‘धप्प’ आवाज ऐकू आला आणि मग चिडीचूप. पलीकडे आमचे स्टोअरकीपर भाऊजी राहतात. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. आता काठी घेऊन चालतात, सावकाश बोलतात, बायको कामावर गेली की लेकीचं सगळं बघतात. त्यांच्या बायकोने घराची एक किल्ली माझ्याकडे ठेवलीय, ‘काही झालं तर’ म्हणून. (काही झालेलं नसतं तेव्हाही मी डोकावून येते. किल्ली गंजायला नको.)

धावत जाऊन दार उघडलं. भाऊजी टेबलापाशी बसलेले, इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. धप्प झालेला तो लेकीचा चेंडू. शाळेला सुट्टी होती.

“बरे आहात ना हो?”

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “मीटिंग.”

“मीटिंग राहू दे, आधी पाणी प्या!”

तेवढ्यात दिसलं, कॉम्प्युटरमधून एक टक्कल माझ्याकडे बघतंय. त्यांचे साहेब! भाऊजींना कामावर परत घ्यायचं की आणखी घरीच बसवायचं, ते आज ठरणार होतं. भाऊजी आठवडाभर बोलायची तयारी करत होते. (भिंत पातळ आहे. मलाही सगळं पाठ होतं, फक्त वार विसरले.)

म्हटलं, आलोच आहोत तर त्यांच्या बाजूने चार शब्द बोलावेत.

“साहेब, माणूस लाखात एक! बटणं लावायला अर्धा तास लागतो, पण स्वतः लावतात! लेकीच्या वेण्या घालतात. एक वर, एक खाली येते, ते सोडा…”

“वहिनी!”

“परवा दूध उतू गेलं, पण माझंही जातंच की!”

साहेबांनी चष्मा काढून कपाळ चोळलं.

“बाबा,” लेक घाबरून म्हणाली, “नोकरी गेली का?”

भाऊजी उठले. काठी न घेता. माझं मनगट धरलं आणि थेट दाराकडे नेलं.

“आता मी बोलतो, वहिनी.”

“अहो, सोडा! हात आहे की सांडशी?”

“थांबा,” कॉम्प्युटरमधून आवाज आला. “तो उजवा हात का?”

“हो, साहेब.” भाऊजी वळले. “हात हळू चालतो, डोकं नाही. गोदामात कुठला माल कुठे आहे, आत्ता विचारा. लेक शाळेत असते तेवढा वेळ मी येईन. नंतर घर माझं.”

साहेबांनी चष्मा परत चढवला.

“खरं तर तुम्ही आणखी विश्रांती घ्यावी असं माझं मत होतं.” मग त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. “पण ती तुम्हाला घरी मिळेल असं दिसत नाही. सोमवारपासून या. अर्धा दिवस.”

लेकीने बाबांच्या कमरेला मिठीच मारली. मी डोळे पुसले आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले, की भाऊजींना नोकरी मी परत मिळवून दिली. आमच्या ह्यांनाही सांगितलं.

ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे इतक्या आशेने बघितलं.

“माझ्या जुन्या साहेबांशीही एकदा बोलशील का गं? रिटायर झालोय खरा, पण बघ ना, परत घेतात का.”