डोंगराची प्रमुख भूमिका

थोर चित्रपटांना माणसं घडवत नाहीत, जमीन घडवते, हे आमच्या अभिजात चित्रपट मंडळाने सात विरुद्ध शून्य मतांनी मान्य केलेलं आहे. (आठवे सभासद चहा सांगायला गेले होते.) पुरावा म्हणून आम्ही दरवर्षी एकच जुना चित्रपट दाखवतो. ज्वालामुखीचं बेट, काळा खडक, झाड म्हणाल तर औषधालाही नाही, आणि मागे नऊशे चोवीस मीटर उंचीचा धुमसता डोंगर. या चित्रपटावर आजवर एक्केचाळीस लेख आले. अडतीस राखेवर, दोन वाऱ्यावर. उरलेल्या एकात ‘उतारावर एक मानवी आकृतीही दिसते’ असा उल्लेख आहे.

ती आकृती म्हणजे माझी आत्या.

मी मंडळाचा कार्यवाह. नातं कधी कामाच्या आड येऊ दिलं नाही. पण चित्रपटाला पन्नास वर्षं झाल्याचा समारंभ ठरला, तेव्हा आत्याने पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं.

“मला पाच मिनिटं बोलू दे. तो शेवटचा रडण्याचा प्रसंग बेटावर झालाच नाही रे. डोंगर तीन दिवस धुक्यात होता. मग परत येऊन स्टुडिओच्या मागच्या अंगणात बॉयलरची राख पसरली आणि तिथे केला. मागे कपडे वाळत होते. जे केलं ते मी केलं, एवढं एकदा लोकांना सांगायचंय.”

मी विषय रीतसर बैठकीपुढे ठेवला. अध्यक्ष गहिवरले.

“म्हणजे डोंगर नसतानाही एवढा परिणाम! काय ताकद आहे हो त्याची.”

ठराव झाला तो असा: प्रमुख भूमिकेचं मानचिन्ह डोंगराला देण्यात यावे, डोंगर प्रवासास असमर्थ असल्याने बेटावरून मागवलेल्या दगडाने ते स्वीकारावे, दगड आत्याबाईंनी (वय शहात्तर) धरावा. पाच मिनिटं होती, ती दगडाच्या परिचयाला दिली. परिचय चाळीस मिनिटं चालला.

तेवढा वेळ आत्या दगड छातीशी धरून उभी होती. मग तिने तो टेबलावर ठेवला, चपला काढल्या आणि एक शब्द न बोलता तो प्रसंग करून दाखवला. राख नाही, वारा नाही, मागे फक्त मंडळाचा फलक. सभागृह हुंदके देऊ लागलं. मीही ढसाढसा रडलो. एवढा अभिमान मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

नंतर लोक रांगेने मंचावर आले आणि दगडाला हात लावून गेले.

“अजून गरम आहे,” एक डॉक्टर हळूच म्हणाले.

घरी जाताना आत्याला हसू आवरेना. “अरे, माझ्याच हातांनी तापला होता तो.”

तुम्हीही हसत असाल. हसा की. डोंगराची उंची तुमच्याही लक्षात आहे. पण आत्या त्या प्रसंगात कुणासाठी रडते, हे त्या एक्केचाळीस जणांनी विचारलं नाही, मी विचारलं नाही, आणि इथवर येऊन तुम्हीही विचारलेलं नाही.