शेजारचा ब्रेक

"मी ज्या दिवशी मैदानात उतरेन ना, त्या दिवशी तिथले शंकू घाबरून आपापल्या घरी निघून जातील," असं मी मधल्या सुट्टीत बाकावर उभी राहून जाहीर केलं. वर्ग हसला. माझी मैत्रीण चिमणी सगळ्यात मोठ्यांदा हसली. तिला चिमणी म्हणतात, पण तिचा आवाज ऐकून शाळेची घंटा लाजते.

शंकू म्हणजे रस्त्याचं काम चालू असलं की उभे करतात ते नारिंगी, विदूषकाच्या टोपीसारखे. ऑटोक्रॉस नावाची एक शर्यत असते, तिचं सगळं राज्य या शंकूंचं. मोठंच्या मोठं रिकामं पार्किंग, त्यावर शंकूंनी आखलेली वाकडीतिकडी वाट आणि एका वेळी एकच गाडी. कुणाला मागे टाकायचं नाही, भांडण फक्त घड्याळाशी. घरची साधी गाडी चालते, हेल्मेट तिथेच मिळतं, आणि नवशिक्यांना वेगळा गट असतो, त्यात माझ्या वयाचेही चालतात. फक्त शेजारी गाडी चालवता येणारा पालक बसलेला हवा.

पालक तर माझ्याकडे असा होता की बाकीच्यांनी घरी जावं. माझे बाबा ड्रायव्हिंग शिकवतात! अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय. आमच्या गाडीला म्हणूनच शिकणाऱ्यासाठी एक आणि शेजारी बाबांसाठी एक, असे दोन ब्रेक आहेत. मागच्या काचेवर लिहिलंय, "शिकाऊ आहे, सांभाळून घ्या."

आता बाबांच्या उजव्या पायाबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं लोकांच्या शेजारी बसून बसून तो पाय स्वतंत्र झालाय. टीव्हीवर कुणी जोरात पळालं की तो दाबला जातो. लिफ्ट खाली निघाली की दाबला जातो. जेवताना मी आमटी जरा भरकन वाढली तरी टेबलाखाली धप्पकन आवाज येतो. आमच्या सोफ्यासमोरच्या सतरंजीला बरोबर एका पावलाएवढं भोक आहे. आई म्हणते, "बाकीच्या बायका नवऱ्याशी संसार करतात, मी तर तुमच्या पायाशी करते."

मला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं, कारण मला बाबांच्या ब्रेकची गरजच पडत नव्हती. वळणं अजून जरा रुंद जायची, गिअर कधीमधी खोकायचा. पण थांबण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. सिग्नल दिसला, मी थांबायचं नुसतं मनात आणलं, की गाडी थांबलीच. गाडीला माझं मन कळायचं. बाबाही म्हणायचे, "वा, कशी लोण्यासारखी थांबते."

तर बाबा तयार झाले, पण मास्तर माणूस, अट घातल्याशिवाय कसे राहतील? "एकही शंकू पडता कामा नये आणि शेवटचा नंबर येता कामा नये. जमलं तर वर्षभर प्रत्येक शर्यतीला मी स्वतः घेऊन येईन. नाही जमलं तर वार्षिक परीक्षा होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"आणि तुम्ही तुमच्या ब्रेकला पाय लावायचा नाही," मी म्हटलं.

"कबूल," बाबा म्हणाले. त्यांच्या पायाला कुणी विचारलंच नाही.

रविवारी सकाळी आम्ही मैदानावर. गाडीतलं सुटं सामान सगळं बाहेर काढायचं असतं, म्हणून आमच्या डिकीतून छत्री, सतरंजी, रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आणि माझी हरवलेली एक चप्पल असा संसार निघाला. मग सगळ्यांनी वाट पायी फिरून पाठ करायची. हातात भोंगा घेतलेली एक बाई आम्हाला फिरवत होती. "इथून नागमोडी, इथे पूर्ण वळसा, ही शेवटची रेषा. आणि रेषेपुढे ही चौकट. हिच्यात गाडी पूर्ण थांबली पाहिजे. नाही थांबली तर फेरी बाद."

"थांबण्याची काळजीच नको," मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणतात," भोंगेवाली म्हणाली.

प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यातली सगळ्यात चांगली धरायची. आमच्या गटात पावाची व्हॅन घेऊन एक आजोबा आले होते. त्यांची व्हॅन वळताना अशी झुकायची की जणू कुणाच्या कानात काही सांगतेय. मी मनात म्हटलं, शेवटचा नंबर यांचा. सुटलो.

पहिली फेरी. झेंडा खाली पडला, मी सुसाट निघाले आणि पहिल्या शंकूपाशी गाडी जागच्या जागी उभी! इंजिन बंद.

"बाबा!"

"मी काही केलं नाही. पाय गेला."

पुढच्या शंकूला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याला पुन्हा. प्रत्येक शंकूला आम्ही देवळासमोर थांबावं तसे थांबत, नमस्कार करून पुढे जात होतो. वर बाबा सवयीने म्हणत होते, "आरशात बघ. इंडिकेटर दे." आणि मीही सवयीने इंडिकेटर देत होते, डावा, उजवा, डावा, उजवा. शेवटी चौकटीत पोचलो तेव्हा भोंग्यातून आवाज आला, "ही शर्यतीची फेरी होती की गाडी विकायला काढलीय?"

कुंपणापलीकडून चिमणीचं हसू भोंग्याशिवाय ऐकू आलं. फळ्यावर आमचा वेळ लिहिला गेला. आजोबांच्या बराच खाली.

दुसऱ्या फेरीला बाबांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरून ठेवला. पाय हातांसकट गेला. त्यात मी इतकी चिडले की वाट विसरले. एकाच शंकूभोवती दोनदा फिरून, जिथून आत शिरलो होतो तिथूनच बाहेर आलो. फेरी बाद. शंकू एकही पडला नव्हता, पण आम्ही अजून शेवटचेच होतो. हातात फक्त एक फेरी.

मी हेल्मेट काढलं नाही, कारण आत डोळे भरून आले होते. वर्षभराच्या शर्यती, बाकावरचं भाषण, सगळं त्या एका पायाखाली चाललं होतं.

आई कुंपणाजवळ खुर्ची टाकून मटार सोलत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांच्या पायाकडे, आणि म्हणाली, "अहो, मांडी घालून बसा की."

"गाडीत?"

"मग काय पाटावर? पाय वर घेतलेत की खाली जाणार कसे?"

बाबा बसले. हेल्मेट, पट्टा आणि मांडी! पंगतीत वाढपी यायची वाट बघावी तसे. भोंगेवाली खिडकीतून डोकावली. "काकांचे पाय कुठेत?"

"वर घेतलेत," मी म्हटलं.

तिने हातातला नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "नियमात पायांबद्दल काही नाहीये," ती म्हणाली आणि झेंडा घ्यायला गेली.

आणि मग काय सांगू! झेंडा पडला आणि आमची म्हातारी गाडी शाळा सुटल्यासारखी पळाली. नागमोडीत शंकू दोन्ही बाजूंनी सरसर मागे जात होते, एकालाही धक्का नाही. वळसा असा बसला की बाबांच्या तोंडून "अगंबाई" निघालं. इंडिकेटरला मी हातसुद्धा लावला नाही. बाबांच्या मांडीतून नुसता गुडघा थरथरत होता, पण गाठ सुटत नव्हती. शेवटची रेषा ओलांडताना भोंगा ओरडला, "आजोबांपेक्षा पुढे! सहज पुढे!"

आता फक्त थांबायचं. माझा हातखंडा प्रयोग. समोर चौकट दिसली. मी नेहमीसारखं थांबायचं मनात आणलं, आणि वाट बघू लागले.

गाडी काही थांबेना.

"ब्रेक!" बाबा ओरडले.

"दाबा की मग!" मी ओरडले.

"अगं, माझे पाय वर आहेत!"

"मग खाली घ्या!"

"मुंग्या आल्यात! तू दाब, तुझा दाब!"

माझा? मी खाली बघितलं. तिथे खरंच एक ब्रेक होता. मला तो माहीत होता, नाही असं नाही. पण आमची ओळख रस्त्यात दिसल्यावर मान हलवण्यापुरतीच होती. मी त्याच्यावर पाय ठेवायच्या आत प्रत्येक वेळी गाडी थांबलेली असायची. का थांबलेली असायची, ते मला त्या क्षणी, चौकटीच्या मधोमध, पूर्ण वेगात कळलं.

चौकट आली आणि गेली. तिच्यामागे जादा शंकूंची रास रचून ठेवली होती. आम्ही तिच्यात असे शिरलो की नारिंगी कारंजं उडालं. मग मी जे सापडेल ते दाबलं. ब्रेक लागला, हॉर्न वाजला, वायपर सुरू झाले, आणि गाडी थांबली. लोणी वगैरे काही नाही. दगडासारखी.

एक शंकू टपावरून घरंगळला आणि बॉनेटवर येऊन बसला. वायपर त्याला टाटा करत होते.

"फेरी बाद," भोंग्यातून हळू आवाज आला. "शंकू... मोजतेय."

मला वाटलं बाबा आता रागावतील. पण ते मांडी घालून समोर बघत बसले होते, चेहरा पांढरा. तसेच समोर बघत म्हणाले, "आजवर इतक्या जणांना शिकवलं. शिकले असतील ना गं थांबायला?"

पार्किंगच्या बाहेर रस्ता होता आणि त्यावरून अर्धं गाव गाडीतून चाललं होतं.

आई मटारांची टोपली कडेवर घेऊन आली. तिने दोन पालथे शंकू उचलून सरळ केले. "आता अटीचं काय?" तिने विचारलं.

"अट मोडली," मीच म्हटलं.

बाबा पाय चोळत होते. "शंकू अर्धे तिचे, अर्धे माझ्या नावावर घाला," ते म्हणाले. "परीक्षेपर्यंत शर्यत नाही. पण स्टिअरिंगला हात लावायचा. रोज. नुसतं थांबायचं. आणि मी मागच्या सीटवर बसणार."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चिमणीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, गेले का शंकू घाबरून आपापल्या घरी?"

बाकीच्यांचं मला माहीत नाही. एक आमच्या गाडीखाली अडकून आमच्या घरी आलाय. परत द्यायला बाबांनी फोन केला, तर भोंगेवाली म्हणाली, राहू दे, तुम्हाला लागेल. तेव्हापासून तो आमच्या फाटकाशी उभा असतो. रोज संध्याकाळी मी त्याच्या अंगावर गाडी नेते आणि ब्रेक दाबते. मागच्या सीटवरून धप्पकन आवाज येतो.

शंकू अजून एकदाही घाबरलेला नाही. दोनदा पडलाय फक्त.