अकराव्या पानावरची सही

ओहायोतल्या हॅरोफर्ड जिल्ह्याच्या पॅरोल कार्यालयात मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वेंडेल प्रुइट यांस लघवी झाली नाही, याची शासनाने रीतसर नोंद घेतली.

वेंडेल एकसष्ट वर्षांचा. दुकानफोडीपायी अकरा वर्षं आत काढलेला, नंतर चार वर्षं पॅरोलवर, म्हणजे बाहेर राहूनही सरकारी देखरेखीखाली, निमूट हजेरी लावणारा आणि आता एकोणीस दिवसांनी कायमचा मोकळा होणारा. नशेच्या तपासणीसाठी नमुना द्यायचा तर एक कर्मचारी दोन फुटांवर उभा राहून टक लावून बघतो, असा नियम. वेंडेलची प्रोस्टेट ग्रंथी वयाने सुजलेली. तिला प्रेक्षक चालत नाहीत. तीन तासांत काही झालं नाही तर तो ‘नमुना देण्यास नकार’, आणि नकार म्हणजे पुन्हा नऊ महिने तुरुंग.

त्याची अधिकारी डोरीन कोवाल्चिक मायाळू बाई होती. “अहो, पाणी प्या की भरपूर,” ती म्हणाली. वेंडेल नळाला लागला. आठ पेले पोटात गेल्यावर, अकराच्या सुमारास, नमुना आला. पण तो इतका पातळ होता की यंत्राने त्याला पाणीच ठरवलं. आणि जाणूनबुजून पातळ केलेला नमुना हा नियमाने नशा केल्याचा पुरावा असतो.

“मॅडम, पाणी तुम्हीच प्यायला सांगितलंत!”

“मी सुचवलं, वेंडेल. प्यायलात तुम्ही.”

वेंडेलने घाईघाईने खिशातून डॉक्टरांचा दाखला काढला. ग्रंथीचं दुखणं, सही, शिक्का, सगळं होतं. डोरीनचा चेहरा खुलला, आणि पत्ता वाचून पडला. दवाखाना नदीपलीकडे, शेजारच्या जिल्ह्यात होता.

“परवानगीशिवाय जिल्हा ओलांडलात?”

“आपल्याकडे या दुखण्याचा डॉक्टरच नाही. परवानगी मागायला दोनदा आलो होतो. तुम्ही रजेवर होता.”

“मग दुखणं थोडं थांबवायचं!”

निरपराधित्वाच्या पुराव्यामुळे अपराधांची संख्या आता दोन झाली.

अशा वेळी अधिकाऱ्याने स्वतःचा विवेक वापरावा, असं नियमावलीच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेलं आहे. विवेकाने माणूस आत पाठवायचा असेल तर एका चौकोनात बरोबरची खूण करायची. विवेकाने त्याला घरी सोडायचं असेल तर अकरा पानी अर्ज भरायचा. डोरीनचे वरिष्ठ लिंडक्विस्ट साहेब तर विवेकाच्या बाबतीत फारच उदार होते.

“मी अजिबात मध्ये पडणार नाही. विवेक तुझा. फक्त एवढं बघ, डोरीन, आपण ज्यांना आत पाठवलं त्यांच्यातल्या एकानेही आजवर आपलं नाव पेपरात आणलेलं नाही.”

डोरीनला मनापासून वाईट वाटलं. जेवण सोडून तिने दहा पानं भरली. अकराव्यावर एकच ओळ होती: ‘हा इसम पुढे कधीही काहीही करील त्याची जबाबदारी माझी.’ खाली एका प्रतिष्ठित नागरिकाच्या सहीसाठी रेघ. कर्मचाऱ्यांची सही चालत नव्हती. ते वाचून तिला किती हायसं वाटलं, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

तिने वेंडेलच्या शेजारीण हचिन्सबाईंना फोन लावला.

“वेंडेल? अगं, देवमाणूस! माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ तोच काढतो. सही? बाई गं, आमच्याकडे नातवंडं येतात!”

मग पाद्री. “त्याने चर्चचा बॉयलर फुकट दुरुस्त करून दिला हो. मी प्रार्थना करीन त्याच्यासाठी. प्रार्थनेला सही लागत नाही ना?”

एव्हाना आठ पेल्यांनी आपलं काम सुरू केलं होतं. बाकावर बसलेला वेंडेल दोनपर्यंत सात वेळा जाऊन आला. दार लावून, एकटा, अगदी सुरळीत. पण ती सातही वेळची लघवी अनधिकृत होती.

पाच वाजता कार्यालय बंद होतं. पाचला दोन मिनिटं असताना डोरीनने चौकोनात खूण केली. बेड्या पडताना वेंडेल म्हणाला, “तुमचा नाइलाज होता, मॅडम.” ते ऐकून तिला बरंच बरं वाटलं. असल्या बायकांना बरं वाटायला फार काही लागत नाही.

अर्ज मात्र अजून रद्द झालेला नाही. शुक्रवारपर्यंत मुदत आहे, आणि कुठल्याही गावच्या सज्जन माणसाची सही चालते. तुम्ही सज्जन आहात. इथवर वाचताना डोरीनला, हचिन्सबाईंना आणि त्या पाद्र्याला मनातल्या मनात काय काय बोललात, त्यावरून ते दिसतंच आहे. घ्या मग पेन. इथे, या रेघेवर. पूर्ण नाव आणि घरचा पत्ता.

काय म्हणालात? घरी विचारून सांगता?

हो, हो. सावकाश सांगा.