बाळकोबाची पारख

आमच्या संस्थानच्या दवाखान्यात रोग्याला पहिला डोस शिवीचा मिळत असे. तो बाळकोबा शिपाई देई, आणि तो घेतल्याशिवाय जव्हारात कोणालाही डॉक्टरांचं दर्शन होत नसे.

दाराशी एक तिपाई, तिच्यावर बाळकोबा. छातीवर संस्थानचा पितळी बिल्ला, पांढऱ्या मिशा, हातात काठी. डोली आली की तो उठे, रोग्याच्या तोंडाशी वाके आणि म्हणे, "काय रे करपलेल्या भाकरी, मरायला दुसरी जागा नाही मिळाली?" मग कान देऊन थांबे. रोगी चिडून "तूच मर" म्हणाला, की बाळकोबाची मिशी समाधानानं हले. "बोललास ना? मग बस तिकडे." रोगी नुसता कण्हला तर तो दुसरी शिवी देई, अधिक कडक. आणि दुसरीलाही काही उत्तर आलं नाही, तर मागे वळून एकच शब्द उच्चारी, "आत!" मग आत कोण बसलं आहे आणि तो दरबारात कितव्या खुर्चीवर बसतो, हे तो पाहत नसे.

डॉक्टर एकच, आणि रोगी डोंगरभरचे. पावसाळा सरता सरता दाभोसा, वांगणी, कुठून कुठून डोल्या येत आणि व्हरांडा भरून जाई. आधी कोण, हे कोणीतरी ठरवायला हवं होतं. ते काम बाळकोबाला कोणी दिलं नव्हतं. त्यानं ते घेतलं होतं. "ओरडतोय त्याच्यात अजून जीव आहे," तो म्हणे. "गप्प पडलाय त्याचं बघा आधी."

यासाठी त्यानं तीन-चार बोलींतल्या शिव्या जमवल्या होत्या. कोकणा माणसाला वारली शिवी देऊन भागत नाही, असं त्याचं मत होतं. माणूस दुखण्यात आपल्या घरच्या बोलीतच चिडतो. आठवडे बाजाराच्या दिवशी तो भाजीवाल्या बायकांची भांडणं ऐकत उभा राही आणि काही नवीन सापडलं की पुटपुटत परत येई.

बाजारातले एक शेठ एकदा पोट धरून आले. शिवी ऐकताच म्हणाले, "मी कोण आहे हे तुला ठाऊक नाही, उद्या सकाळी महाराजांच्या कानावर घालून तुझा बिल्ला उतरवला नाही तर नाव सांगणार नाही!" बाळकोबानं ते शांतपणे ऐकून घेतलं. "एवढं लांब वाक्य, मधे दम न घेता? शेठ, तुम्ही जेवून या."

तक्रार डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "त्याची रांग मी एकदा बदलून पाहिली होती. पुन्हा बदलणार नाही." कोणासाठी बदलली होती, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं धैर्यही कोणाला झालं नाही.

मी जामसरच्या शाळेवर मास्तर. महिन्यातून एकदा शाळेचे कागद घेऊन जव्हारला येई. एकदा कलमाचा बोरू तासताना अंगठा कापला म्हणून दवाखान्यात गेलो. बाळकोबा म्हणाला, "आला का शाईचा बुधला!" त्याला समर्पक असं उत्तर द्यावं म्हणून मी मनात शब्द जुळवू लागलो. मला वेळ लागतो. तेवढ्यात त्यानं माझा चेहरा पाहिला, दुसरी शिवी दिली, आणि मी अजून पहिल्या शिवीच्या उत्तरावरच असल्यानं तिलाही उत्तर येत नाही असं दिसताच "आत!" म्हणून मला काखेत धरून थेट टेबलावर नेऊन आडवं केलं. उत्तर सुचलं तेव्हा डॉक्टर माझ्या अंगठ्याकडे पाहून हसत होते. बाळकोबाची पारख चुकल्याचं माझ्या पाहण्यातलं ते एकच उदाहरण, आणि त्यातही चूक माझी होती.

बायकांच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नसे. घरंदाज बाई परक्या पुरुषाला उत्तर देणार नाही, मग शिवी दिली काय आणि आरती म्हटली काय. म्हणून बाळकोबा बाईच्या देखत तिच्या नवऱ्याला शिव्या देई आणि बाईकडे पाही. पदर सावरला गेला, भुवई चढली, ओठ आवळले गेले, की झालं. बाई थांबू शकते. फौजदारांच्या आईनं तर एकदा पदराआडून सुनेच्या कानात सांगितलं होतं, "त्यांना म्हणावं, आणखी एक द्या. मला बरं वाटतंय." त्या वेळी फौजदारांचे वडील शेजारीच उभे होते.

हे सगळं मी समोरच्या पारावर बसून कितीदा पाहिलं होतं. हातात पुस्तक असे, पण पान उलटत नसे.

मग भाद्रपदात माझ्या पत्नीला ताप आला.

तिचं नाव मथुरा. नऊ वर्षांचा आमचा संसार, मूलबाळ नाही. ताप हिवाचा होता. जामसरला त्या दिवसांत घरोघरी असतो. माझ्याकडे घरगुती औषधांचं एक पुस्तक होतं. त्यात पाहून मी काढा केला, पाचव्या दिवशी पान पुन्हा पाहून काढा बदलला. सहाव्या दिवशी ती शांत झाली. कण्हणं थांबलं. पुस्तकात लिहिलं होतं, झोप लागणं हे सुलक्षण. मी उशाशी बसून राहिलो आणि मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं.

सातव्या दिवशी सकाळी पाड्यावरची झानी आली. आमचं अंगण सारवायची, तिच्याबरोबर मथुरा पाण्याला जाई. झानीनं आत डोकावून पाहिलं. "मास्तर, बाईस बोलत नाय."

"झोपली आहे," मी म्हणालो.

झानी निघून गेली आणि नवरा, आणखी तीन गडी आणि डोली घेऊन परत आली. मला कोणी विचारलं नाही.

दवाखान्याशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराला लागूनच दाभोशाचा एक माणूस पडला होता. रेड्यानं मांडी फाडली होती. बाळकोबानं त्याच्या मांडीवर फडक्याचा पीळ आवळून त्याच्या एका भावाच्या हातात दिला होता, तरी खाली फरशी लाल होती. तो माणूस गुरासारखा ओरडत होता आणि मधून मधून बाळकोबाचा उद्धार करत होता. आत एका पोराचं काम चाललं होतं. ते संपलं की एकच जण आत जाणार होता.

बाळकोबा आमच्या डोलीशी आला. मथुरेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळला. "हे बघा, वाळवी लागलेलं पुस्तक! बायको जळत होती तेव्हा पानं उलटत बसला असशील!"

ते खरंच होतं. मी मान खाली घातली. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. मथुरेचा पदर हलला नाही. त्यानं आणखी वाईट काही म्हटलं. ते मी लिहीत नाही. तिची पापणीही हलली नाही.

तेव्हा बाळकोबाचा आवाज एकदम खाली आला. एवढा अदबशीर आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "मास्तर, नीट सांगा. बाई घरी अशाच असतात का? गप्प? का तुम्हाला उलट बोलतात, हसतात, चिडतात? दुखण्यानं गप्प आहेत का स्वभावानं, एवढंच मला सांगा."

आतून डॉक्टरांची हाक आली, "पुढचा आणा!" दाभोशाच्या माणसाचे भाऊ त्याला उचलायला वाकले.

मी नऊ वर्षं आठवू लागलो. ताट वाढणारे हात आठवले. दिव्याची काजळी पुसणारे हात आठवले. मी वाचत असताना ती दाराशी येऊन उभी राही आणि परत जाई, ते आठवलं. आवाज आठवेना. आणि आणखी एक गोष्ट होती: व्हरांडाभर लोकांसमोर, माझी बायको मला उलट बोलते, असं म्हणायची जीभ होईना.

"ती शांतच असते," मी म्हणालो.

बाळकोबाचा पाय दाराशी पडलेल्या माणसाकडे वळला.

"अरं, याला काय ठाव!" झानी ओरडली. "हा घरात असला का ती बोलत नाय, याचं वाचणं मोडंल म्हणून. आमचेपाशी तोंड मिटत नाय तिचं! पाण्यावर आली का हसून हसून आमचा हंडा पडतो. कालपासून एक शबुद नाय. बाबा, ही बाई अशी नाय रे!"

"आत!" बाळकोबा म्हणाला. डोली खाली टेकायच्या आधी त्यानं मथुरेला दोन्ही हातांवर उचललं होतं. दाभोशाचे भाऊ आडवे आले. "आमचा मरतोय दिसत नाही का, म्हाताऱ्या!"

"तुमचा शिव्या देतोय. देऊ दे. पीळ सोडू नका म्हणजे झालं."

डॉक्टरांनी सुईनं हिवतापावरचं कोयनेल टोचलं. कपाळावर ओली फडकी बदलत राहिले. परतताना लागेल म्हणून आणलेली तिची वहाण हातात धरून मी भिंतीशी उभा होतो आणि झानी तिच्या पायांना तळहात घाशीत तिच्याशी बोलत होती, जणू पाण्यावर गेल्या होत्या दोघी. मधे दाभोशाच्या माणसाची मांडी शिवून झाली, तो वाचला. दिवेलागणीला मथुरा गेली.

"काल आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले आणि थांबले. बाळकोबा दारातच होता. त्यानं आत येऊन माझ्या हातातली तिची वहाण काढून घेतली आणि पाण्याचा तांब्या दिला.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन मी जामसरला निघालो. झानी आणि तिचा नवरा माझ्यासाठी थांबले होते. वेशीवर बाळकोबा उभा होता. बिल्ला नाही, पट्टा नाही, डोक्याला साधं मुंडासं. मला वाटलं निरोप द्यायला आला असेल, पण तो आमच्याबरोबर चालू लागला. दवाखान्यात ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्याबरोबर तो त्यांच्या गावापर्यंत चालत जाई, हे मला पुढे कळलं. जव्हारात सगळ्यांची समजूत होती की अधूनमधून तो दाराशी नसतो तेव्हा ताडी पिऊन पडलेला असतो.

उतार लागला तेव्हा बाळकोबा म्हणाला, "झाने, पाण्यावर बाई काय बोलायच्या?"

झानीनं माझ्याकडे पाहिलं.

"सांग. मास्तरांना ऐकू दे."

ती आधी लाजली. मग सांगू लागली. मथुरेनं आमच्या कोंबड्याचं नाव, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांवरून, दिपोटीसाहेब ठेवलं होतं. तो अंगणात आला की ती बायकांना म्हणे, "उभ्या राहा गं, तपासणी आहे!" मी पुस्तक वाचत चिखलातून कसा चालतो, ते ती डोक्यावर हंडा ठेवून करून दाखवी. झानीनंही करून दाखवलं. चष्मा कपाळावर, एक पाय हवेत, आणि समोरच्या म्हशीला "असं होय, असं होय" म्हणत वाट देणं. तो मीच होतो. अस्थींचं गाडगं छातीशी धरून मी त्या रस्त्यात हसलो, आणि मग मला खाली बसावं लागलं.

बाळकोबा काठीवर हात ठेवून शेजारी उभा राहिला. "आमचं कुटुंब गेलं तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं," तो म्हणाला. "बोलायची ती. खूप बोलायची. मी ऐकून सोडून द्यायचो."

बाळकोबा गेल्याला आता महिना झाला. दवाखान्याच्या दाराशी नवा शिपाई आहे. तो आलेल्यांची नावं क्रमानं लिहून घेतो.

अस्थी घेऊन आलो त्या दिवशी जामसरची घरं दिसू लागली तसा बाळकोबा थांबला. पाणी प्या म्हटलं, नको म्हणाला. झानीची एक गोष्ट अर्धी राहिली होती, ती घाईघाईनं पुरी करू लागली. त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

"सगळं आजच नको गं सांगू," तो म्हणाला. "उद्या काय ऐकतील ते?"

आणि तो जव्हारच्या वाटेला लागला.