भिंतीकडे तोंड, ओव्हर

आमचे अण्णाकाका भिंतीकडे तोंड करून जेवतात. जागा नाही म्हणून नव्हे. टेबल चांगलं खोलीच्या मधोमध आहे, खुर्च्या आहेत. पण काका आपली खुर्ची उचलतात, भिंतीकडे फिरवतात, ताट स्टुलावर घेतात आणि चुन्याच्या पोपड्यांकडे बघत शांतपणे वरणभात कालवतात. पाहुणे आले तरी हेच. एकदा माझे वडील ग्वाल्हेरहून आले होते. ते जेवणभर काकांच्या पाठीशी बोलले आणि घरी जाऊन आईला म्हणाले, "मंगलच्या चुलतसासऱ्यांचं माझ्यावर काहीतरी बिनसलंय."

काही बिनसलेलं नव्हतं. काकांचं सगळंच असं. झाशीला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात त्यांची हयात गेली. कानाला फोन लावून बसायचं आणि कुठली गाडी थांबवायची, कुठली पुढं काढायची ते सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले, फोन सुटला, कंट्रोल काही सुटला नाही. आंघोळीला जाण्याआधी विचारणार, "लाइन क्लिअर आहे का?" आतून कुणी हो म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. दाराशी कुणी आलं की "आउटरला गाडी उभी आहे." नकोसा नातेवाईक आला की "लूप लाइनला घ्या," म्हणजे बाहेरच्या खोलीत बसवा आणि चहा सावकाश द्या.

त्यांचं घर आणि आमचं घर शेजारी शेजारी, मधल्या भिंतीत एक दार. तिकडं काका, त्यांचा मुलगा शेखर आणि सून पूनम. इकडं मी आणि माझे यजमान सुधीर. सुमनकाकू होत्या तोवर सगळं सुरळीत होतं. काकू गेल्या आणि घोटाळा सुरू झाला.

घोटाळा असा की पूनमचं माहेर गरौठ्याचं, झाशीजवळच्या बुंदेली मुलखातलं. तिच्या घरात सून सासऱ्यासमोर बोलत नाही आणि डोकं उघडं ठेवत नाही. बी.एस्सी. झालेली मुलगी, भर बाजारातून स्कूटर काढते, शेखरला नुसत्या डोळ्यांनी गप्प करते, पण काकांची चाहूल लागली की हात आधी ओढणीकडे. काकूंनी किती वेळा समजावलं, अगं आपल्या मराठी घरांत असलं काही नसतं. "आदत है, मम्मीजी," एवढंच म्हणायची. मग सासरा-सुनेतले निरोप काकूच इकडून तिकडे करायच्या. त्या गेल्यावर ही ड्युटी माझ्या गळ्यात पडली. मला कुणी विचारलं नाही, बरं का.

मी पोळ्या लाटत असते आणि फोन वाजतो. "जिज्जी, बाबूजी से पूछिए ना, दाल में हींग डालूँ?" बाबूजी तिच्याच घरात, पलीकडच्या खोलीत. मी तवा उतरवायचा, मधल्या दारातून जायचं, विचारायचं. काका भिंतीकडे बघत म्हणणार, "घाला म्हणावं. चिमूटभर." परत यायचं, फोन करायचा, "चिमूटभर." तोवर माझी कणीक वाळून कडक. आणि पूनमच्या मनात पक्कं बसलेलं, की बाबूजी आपल्यावर नाराज आहेत. नाही तर माणूस आपल्या हातचं जेवताना पाठ का फिरवेल? मी म्हणायची, अगं विक्षिप्त आहेत ते. पण खरं सांगायचं तर मलाही उत्तर ठाऊक नव्हतं.

अशात शेखरला नोएड्याला नोकरी लागली. झाशीतल्याच बिजौलीच्या कारखान्यात तो कंटाळलाच होता. वडिलांना घेऊन जायचं म्हणाला. काका ना हो म्हणेत, ना नाही. "बघू. सिग्नल पडू दे." जॉइन व्हायची तारीख जवळ यायला लागली तरी सिग्नल काही पडेना. शेवटी शेखरने काय केलं, तर मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची सहल ठरवली. लक्षद्वीपला जाऊन परत, आम्हां दोघांनाही धरून. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, समुद्रावर त्यांचा मूड बनेल. उतरायच्या आधी त्यांच्याकडून हो म्हणवून घे. त्यांना इथं एकटं टाकून मी जाणार नाही. नाही म्हणाले तर नोकरी कॅन्सल." म्हणजे आता शेखरची नोकरीही माझ्या गळ्यात.

जहाजावर मोबाइल लागत नाही हे काकांच्या कानावर गेलं आणि त्यांच्या अंगात वारं संचारलं. "समुद्रात टॉवर कुणाचा काका रोवणार?" असं म्हणून त्यांनी दिल्लीहून चार वॉकी-टॉकी मागवले. एक त्यांना, एक शेखरला, एक पूनमला, एक आमच्या दोघांत. काळे, हाताएवढे, डोक्यावर शेपटी. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. नियम दोन. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. आणि सेटवर फक्त मराठी.

"मराठीच का?" सुधीरने विचारलं.

"गुप्तता," काका म्हणाले. "दुसऱ्या कुणाला कळता कामा नये."

हे आम्हां सगळ्यांना पटलं. झाशीत आमची मराठी म्हणजे घरातला पडदाच की. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर आम्ही बिनधास्त म्हणतो, "रंग जाणार हिचा, ऊठ." लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, शाळेत हेडमास्तरांपुढे, सगळीकडे हाच रिवाज. आवाजसुद्धा कमी करत नाही. कुणाला कळतंय?

जहाज म्हणजे काय गल्ली नव्हे, हे चढल्या चढल्या कळलं. इतके मजले, इतके जिने, सगळे गालिचे सारखे आणि सगळी दारं सारखी. लोखंडाच्या भिंती, त्यातून आवाज येई तो अर्धा. काका सेटवरून सांगत, "अप दिशेला या. ओव्हर." अप म्हणजे कुठं? ते म्हणाले, मुंबईकडे. आता चहूकडे पाणी, त्यात मुंबई कुठली ओळखायची? सुधीर बिचारा शेखरला शोधायला गेला तो स्वयंपाक्यांच्या खोलीत निघाला. पहिल्याच सकाळी सेटवर कुणी परकी बाई ओरडली, "पूल पे टॉवल भेजो." काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "टॉवेल सुटला. ओव्हर," आणि सुधीरला टॉवेल घेऊन पिटाळलं. ती बाई कोण, कुणाची, आजवर पत्ता नाही. टॉवेल मात्र आमचा गेला.

आणि पूनम. तिला मराठी कळते सगळी, बोलताना जीभ अडते. काका हजेरी घेत, "पूनम, ठिकाण कळवा. ओव्हर." पलीकडून खरखर, मग बारीक आवाज, "हो. ओव्हर." कुठं आहेस ते नाही, काही नाही. नुसतं हो. काकांचा चेहरा पडे. मी नोएड्याचा विषय काढला की म्हणत, "लाइन क्लिअर नाही, मंगल." माझा जीव टांगणीला.

लक्षद्वीप बघून जहाज परत फिरलं, त्या दुपारी मोठ्या जेवणघरात जायचं होतं. काकांनी तिथंही भिंतीकडची खुर्ची गाठली आणि हॉलकडे पाठ केली. आता मागे काय चाललंय ते कळायला नको का? म्हणून सेट. आम्ही चौघं दुसऱ्या टेबलावर. "हॉलची स्थिती सांगा. ओव्हर."

मला चेव आला. मी म्हटलं, "निळ्या साडीतल्या बाई चौथ्यांदा गुलाबजाम घ्यायला उठल्यात. ओव्हर."

"ओव्हरलोड मालगाडी," काका म्हणाले. "घाटात अडकणार. सोबत कोण?"

"नवरा. केस रंगवलेत, मिशा विसरलाय. ओव्हर."

सेटचा आवाज मोठा, माझा त्याहून मोठा. मला वाटलं, आजूबाजूची माणसं जरा गप्पच झाली आहेत. तेवढ्यात ती निळी साडी वाटी घेऊन सरळ आमच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "चौथ्यांदा नव्हे हो, तिसऱ्यांदा. एक खेप यांच्यासाठी होती. मिशांचं मात्र मीही त्यांना सांगून थकले."

शुद्ध मराठी. माझ्या हातातला घास हातात. काका उठून आले. माफी मागायची सोडून त्यांनी भलतंच विचारलं, "आपण मराठी?"

"मुंबईहून सुटलेल्या जहाजावर अर्धी माणसं मराठीच असणार ना, काका," त्या हसून म्हणाल्या. मग पाठीमागचं टेबल हसलं, त्याच्या मागचं हसलं. वाढणारा मुलगाही तोंडावर फडकं धरून हसला. मला धरणीमायनं पोटात घ्यावं असं झालं, पण तिथं धरणीसुद्धा नव्हती.

काका खरोखर बावचळले. जन्मभर आपली भाषा म्हणजे घराचं दार, लावून घेतलं की आत आपण. इथं तर दारच नाही. संध्याकाळपर्यंत ते कुजबुजत होते. मग सेटवर हुकूम सुटला, "मराठी बंद. उद्यापासून बुंदेली. ओव्हर."

काका बुंदेली फक्कड बोलतात. लहानसहान स्टेशनांवरच्या माणसांशी बोलून बोलून ती त्यांच्या तोंडात बसलेली. आम्ही बाकीचे जेमतेम. सकाळी त्यांनी हाक दिली, "पूनम, कितै हौ? ओव्हर." कुठं आहेस.

खरखर झाली. मी 'हओ'ची, म्हणजे बुंदेली 'हो'ची, वाट बघत होते.

"बाबूजी, हम इतै ऊपर ठाड़े हैं। पानी ई पानी है। हमाई बेतवा तौ ईके सामनें नाली है। ओव्हर।"

इथं वर उभी आहे, आपली बेतवा नदी म्हणजे यापुढं गटार, असं. काका सेटवर हसले. काकू गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. मग त्या दोघांचं जे सुरू झालं, ते काही थांबेना. फोनवर सासऱ्याशी बोलायचं म्हणजे दोघांतलंच झालं, तिला जमलं नसतं. इथं सगळे ऐकतात, शिवाय बाबूजींचा हुकूम आहे, म्हणजे संकोच कसला? आणि माहेरची बोली. ती इथल्या पोळीला कागद म्हणाली. काका म्हणाले, हो ना, तुझ्या हातची पोळी नाही तर जेवणाला चव नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, नाही तर मी तेही पोचवलं असतं.

दुपारी मी दोन कप चहा घेऊन वर गेले. म्हटलं, आज काकांना गाठायचंच, उद्या मुंबई. सेट माझ्या खांद्याला लटकत बोलतच होता. वरच्या मजल्यावर एक जाड पांढरा खांब आहे. त्याच्या एका बाजूला टेकून काका उभे, तोंड समुद्राकडे. दुसऱ्या बाजूला टेकून पूनम, डोक्यावर ओढणी, तोंड दुसऱ्या समुद्राकडे. मधे फक्त तो खांब. दोघांच्या तोंडाशी सेट. दोघांनाही ठाऊक होतं की पलीकडे कोण आहे.

मी जिथल्या तिथं थांबले.

पूनम विचारत होती, "बाबूजी, एक बात पूछें? आप भींत की तरफ मों करकें काए खात हौ? हमसें नाराज हौ? ओव्हर।"

सेटवर खरखर झाली. वारा. मग काकांचा आवाज आला, हळू, बुंदेलीतच. ते म्हणाले, नाराज कशाला असेन. तू नवी आलीस तेव्हा गॅससमोर एका हातानं पोळी उलटत होतीस आणि दुसऱ्या हातानं पदर सावरत होतीस. पदराचं टोक ज्वाळेवर गेलं होतं. तुझ्या घरची रीत, ती मोड म्हणायचा मला काय हक्क. मग मीच तोंड फिरवलं. तुला पदर डोक्यावर घ्यायची गरज पडू नये म्हणून. ओव्हर.

माझ्या हातातला चहा निवत होता. इतकी वर्षं आम्ही हसलो त्या खुर्चीला. माझे वडील रुसून गेले, पूनम रडली, आणि या माणसानं एका शब्दानं सांगितलं नाही. काकूंना सांगितलं असेल का? कुणास ठाऊक. मला भरून आलं, आणि रागही आला त्यांचा.

पूनमनं बटण दाबून नुसताच हुंदका दिला. मग म्हणाली, "तौ नोएडा काए नईं चल रए?"

"उतै हमसें को बोलहै?" तिथं माझ्याशी बोलणार कोण? "मंगल तौ इतै रै जैहै।" मंगल तर झाशीलाच राहील.

"हम बोलहैं," ती म्हणाली. मी बोलेन. "ओव्हर।"

 मग सेटवर मराठीत हाक आली, "मंगल, ऐकते आहेस ना. शेखरला सांग की..." आणि थांबले. "राहू दे. मीच सांगतो. ओव्हर."

मी दोन्ही कपांतला थंडगार चहा एकटीनं पिऊन टाकला.

रात्रीच्या जेवणाला काकांनी सवयीनं भिंतीकडची खुर्ची गाठली. निळ्या साडीच्या बाई लांबून हात हलवत होत्या. पूनमनं आपलं ताट उचललं, एक खुर्ची ओढत नेली आणि काका आणि भिंत यांच्या मधल्या फटीत, त्यांच्या अगदी समोर ठेवली. ओढणी खांद्यावरच होती. हात एकदा वर गेला, सवयीचा, आणि तसाच खाली आला.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहिलं. मग सेट बाजूला ठेवून, साध्या आवाजात विचारलं, "लाइन क्लिअर आहे का?"

"हओ," पूनम म्हणाली, आणि त्यांच्या ताटात पोळी वाढली.