कॉल कुणाचा?

आमचे कप्तान रस्ता ओलांडत नाहीत, रन काढतात. कानडी मुलखातल्या बेळ्ळंदूरचा तो रस्ता, गाड्या नुसत्या अंगावर येणाऱ्या, आणि हे शहात्तर वर्षांचे गृहस्थ छत्री बॅटसारखी टेकवून फुटपाथच्या कडेला वाकून उभे. "शालनक्का, मागचं मला दिसत नाही. कॉल तुझा!" मग मी दोन्हीकडं बघून ओरडायचं, "येस", "नो" नाहीतर "वेट". पहिला महिनाभर माझ्या तोंडातनं "नो"शिवाय काही निघालं नाही. आम्ही दूध न घेताच परत यायचो.

हे एकेकाळी देशाचे कप्तान होते, हे मला वॉचमननं सांगितलं. मी जतकडची, त्यांच्याकडं स्वयंपाकाला. क्रिकेट म्हणजे पोरांनी काचा फोडायच्या, एवढीच माझी माहिती. कामाला ठेवताना त्यांनी शाळा विचारली. मी मान खाली घालून सातवी म्हटलं.

"सरी, चालतंय! मी दहावीत दोनदा रन-आऊट," म्हणाले, आणि घराची किल्ली हातात दिली. परमुलखात अशी किल्ली कोण कुणाला देतं? तेव्हापासून रोज सकाळी उठले की आधी किल्ली चाचपते, आज परत मागतील का?

त्यांची लेक परदेशात असते. तिनं फोनवर बजावलेलं, "बाबांना रस्त्यावर न्यायचं नाही. काही झालं तर त्याच दिवशी दुसरी बाई बघेन." मी कप्तानांना सांगितलं, तर म्हणाले, "सिलेक्टर लांब बसूनच बोलतात. चल, पिशवी घे."

घरात दुसराच घोर. पोळ्या लाटताना येऊन लाटणं उचलायचे. "हा बघ, स्वल्प पाय पुढं, आणि..." की कणकेचा गोळा खिडकीबाहेर. खालच्या मजल्यावरच्या बाई अजून मला विचारतात, वरनं काय पडतं म्हणून.

कपाटातल्या एका फोटोत ते बॅट उंच धरून उभे आहेत. शतक काढलेलं. पुसता पुसता मी म्हटलं, "किती रुबाबदार दिसताय, साहेब."

ते हसले नाहीत. "त्या दिवशी मी 'येस' म्हणून दोस्ताला बोलावलं आणि अर्ध्यातनं मागं फिरलो. तो आऊट. पेपरवाल्यांना सांगितलं, कॉल त्याचा होता. पुढं मी कप्तान झालो. त्याला परत कधी संघात घेतलं नाही." मग फडकं माझ्या हातातनं घेऊन त्यांनी ती काच स्वतः पुसली.

गेल्या मंगळवारी आम्ही गेटबाहेर उभे होतो. मागनं वॉचमन ओरडला, "अक्का, माझंपण दूध आणणार ना?"

"येस," मी म्हटलं. जिभेला लागलेली सवय!

कप्तान सुटले. समोरनं पाण्याचा टँकर. ब्रेक करकचले, छत्री चाकाखाली गेली. मी डोळे मिटले. उघडले, तर कप्तान पलीकडं दुभाजकावर उभे आणि मला ओरडतायत, "बेडा, शालनक्का, नको! क्रीज सोडू नको!" माझे पाय तसेही हलत नव्हते. गाड्या थांबल्यावर तेच मला न्यायला परत आले. माझा हात धरला आणि आम्ही पुन्हा दूध न घेताच घरी आलो.

आमची लिफ्ट वर पोचायच्या आत वॉचमनचा फोन लेकीकडं पोचला होता. मी किल्ली ओट्यावर ठेवली आणि कपडे पिशवीत भरायला घेतले. स्पीकरवर तिचा आवाज चढला, "बाबा, ती बाई 'येस' म्हणाली म्हणून तुम्ही पळालात. खरं की नाही?"

कप्तान कपाटातल्या त्या फोटोकडं बघत होते. मला वाटलं, संपलं आता.

"नाही, बाळ," ते म्हणाले. "कॉल माझा होता."

पलीकडनं ती काहीबाही बोलत राहिली. ते ओट्याशी आले आणि लाटणं उचलून, चेंडू हळूच टोलवावा तशी किल्ली माझ्याकडं सरकवली.